तिदाढ्याची पाठवणी

“बाई, त्याला मारायचंय! त्याची तोंडी परीक्षा नाही घ्यायची!”

मी ओरडलो खरा, पण बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या अंगात अकरा प्राण उरले होते, मुनीर राक्षसाच्या पोटात होता, घड्याळात पावणेतीन वाजले होते, आणि बाई चष्मा वर सरकवून राक्षसाला विचारत होत्या, “पण ही तिसरी दाढ तुला आली कधी?”

राक्षस गांगरला. “लहानपणीच,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“दुखते का?”

“थंडीत दुखते.”

“थंडीत दुखते, आणि निघालास फिनलंडला!”

“आई,” राक्षस साध्या आवाजात म्हणाला, “मी आत्ता राक्षस आहे. मी कुठंही निघालेलो नाही.”

“असं कसं? चार वाजता गाडी येणार आहे की.”

चार वाजता गाडी खरंच येणार होती. वासूला, म्हणजे बाईंच्या मुलाला न्यायला. मिरजेहून मुंबई, मुंबईहून विमान, आणि पुढे फिनलंड. कागद करायची यंत्रं बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली होती. किती वर्षांसाठी, ते त्याने कुणालाच धड सांगितलं नव्हतं. बाईंनी सकाळपासून माझ्यादेखत तीनदा विचारलं होतं, “परत कधी येणार?” आणि तिन्ही वेळा वासू “बघू” म्हणाला होता. तिसऱ्यांदा तो बॅगेची चेन ओढत होता. चेन अडकली, तर तिच्यावरच खेकसला.

मला मात्र त्या दिवशी दुसरीच घाई होती. चारच्या आत तिदाढ्या मेला पाहिजे होता.

खेळ थोडा सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही धडधाकट माणसं भर रविवारी करत काय होती. वासू पुण्याला इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर हा खेळ शिकून आला. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, आणि गोष्टीतले राजे, राक्षस, म्हाताऱ्या, घुबडं सगळी त्यानेच बोलायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. गदा लागली की नाही, उडी जमली की नाही, हे वीस तोंडांचा एक फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमलं, एक पडला तर फजिती. प्रत्येकाचे प्राण मोजलेले, ते संपले की पात्र आडवं. वासूने सगळे नियम मराठीत उतरवून एक दोनशेपानी वही भरली होती, आणि पहिल्या पानावरचा नियम त्याचा स्वतःचा होता: तोंडातून निघालं ते निघालं. म्हणजे खेळायला बसल्यावर कोणी काहीही बोललं, तरी ते त्याच्या पात्रानेच बोललं असं धरायचं. एकदा मी “थांब रे, जरा लघवीला जाऊन येतो” म्हणून उठलो. गोष्टीत तेव्हा आम्ही भर दरबारात राजासमोर उभे होतो. त्या एका वाक्यापायी आम्ही तीन रविवार तुरुंगात काढले.

असे एकसष्ट रविवार झाले होते. माझं पात्र रणधुमाळ, गदाधारी. पहिल्याच रविवारी तिदाढ्या नावाच्या या राक्षसाने रणधुमाळचं घर फोडून त्याची गाय आणि आजी गिळली होती, आणि तेव्हापासून मी त्याच्या मागावर होतो. माझं खरं सांगायचं तर तोवर आयुष्यात मी एकही काम शेवटाला नेलं नव्हतं. डिप्लोमा दोनदा सोडला, तबल्याचा क्लास तीनदा. पण हा राक्षस मला माझ्या हाताने संपवायचा होता. हसा खुशाल. मला रात्री त्याच्या दाढा स्वप्नात यायच्या.

तिदाढ्याचा पुतळा मुनीरने केलेला. मुनीरच्या घरी पिढ्यानपिढ्या तंबोरे करतात. तूण लाकडाचं डोकं, वाया गेलेल्या भोपळ्याचं पोट, आणि तोंड असं कोरलेलं की आमचे बोटभर लाकडी पुतळे त्यातून सहज आत जावेत. त्याच्या या कारागिरीचं फळ म्हणून त्याचाच पुतळा सगळ्यात आधी आत गेला. मुनीरचं पात्र चोर, नाव पडछाया. आत पडल्यावर तो पुतळा भोपळ्याच्या बुडाशी असा अडकला की भोपळा हलवल्यावर नुसता खुळखुळायचा.

चौथा गडी नंदू. त्याचा मांत्रिक भस्मभट. आता शेवटची लढाई, वासू निघालेला, आणि या माणसाचा त्याच दिवशी सांगलीला साखरपुडा! दोन वर्षं बरोबर लढून शेवटच्या दिवशी साखरपुडा काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी त्याला फोनवर म्हटलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. आता भस्मभट कोण, असा प्रश्न पडला, तेव्हा बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “मी बसते नंदूच्या जागी,” म्हणाल्या.

बाई म्हणजे कालिंदीबाई तांबट. एकतीस वर्षं तिसरीच्या वर्गावर. मी आणि मुनीर त्यांच्याच हाताखालून गेलेलो, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची आमची छाती नव्हती. वासू दहावीत असताना त्याचे वडील गेले. तेव्हापासून घरात ही दोघंच. दोन वर्षं बाई आम्हाला पोहे देत होत्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. आता बसायचं ठरल्यावर त्यांनी चार दिवस आधी नियमांची वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. नुसती वाचली नाही, तपासली. लाल पेनाने.

“‘शक्ती’ला पहिली वेलांटी दिलीस सगळीकडे,” वही परत देताना त्या वासूला म्हणाल्या. “राक्षस चांगला आहे. शुद्धलेखन भिकार.”

तर असा आमचा भस्मभट. हातातून ज्वाळा सोडायच्या सोडून राक्षसाची दाढ तपासत होता.

“बाई, ज्वाळा!” मी म्हटलं. “पान बाविसावर ज्वाळा आहेत!”

“जाळून काय मिळतं रे दिगंबर? आधी विचारावं.” मग त्या राक्षसाकडे वळल्या. “तू त्या पोराला का गिळलंस?”

“भूक लागली होती,” तिदाढ्या गुरगुरला.

“डबा नव्हता आणला?”

“राक्षस डबा आणत नाहीत.”

“उलट बोलतोस? हात पुढे कर!”

आता बघा हं. हे वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं ना, त्या आवाजाला आमची अख्खी पिढी घाबरून होती. वासूने, सव्वीस वर्षांच्या इंजिनिअरने, पासपोर्ट खिशात असलेल्या माणसाने, पटकन हात पुढे केला. तळवा वर, डोळे घट्ट मिटलेले.

“केला! त्याने हात पुढे केला!” मुनीर किंचाळला. “दिग्या, मार! तोंडातून निघालं ते निघालं!”

“अरे, हे तोंडातून नाही निघालं, हा माझा हात आहे!” वासू ओरडला. “मी घाबरलो म्हणून...”

“म्हणजे राक्षस घाबरला,” बाई म्हणाल्या. “दिगंबर, मार त्याला हातावर.”

मी फासा टाकला. सतरा. रणधुमाळची गदा तिदाढ्याच्या पसरलेल्या तळव्यावर पडली आणि चौदा प्राण गेले. ऐंशीतून सुरू झालेला राक्षस बत्तिसावर आला. वासू आपला धडधाकट हात चोळत वहीत लिहून घेत होता. मला इतका आनंद झाला की मी बाईंच्या पाया पडलो.

“आता माझं ऐका,” मुनीर म्हणाला. “मी आत आहे. आत काय दिसतं?”

“अंधार,” वासू म्हणाला.

“चकमक घासतो. आता?”

वासूने सुस्कारा टाकला. “एक गाय दिसते.”

“माझी गाय!” मी उठून उभा राहिलो. “वासू, ती माझी गाय आहे! आजी बघ रे मुनीर, आजी कुठाय?”

“दोन वर्षं झाली, दिग्या. आजी पचली असणार.”

“फासा टाक,” बाई म्हणाल्या. “गाय आहे तर आजी का नाही? गाईच्या दुधावर राहिली असेल.”

वासूने ‘वीस पडला तरच आजी’ असं बजावलं आणि फासा टाकला. फासा सतरंजीवरून घरंगळत गेला, भिंतीला लागला आणि वीस दाखवून थांबला. मुनीर आणि मी एकमेकांच्या गळ्यात पडलो. आता सूत्रधार म्हणून आजीही वासूलाच बोलावी लागणार होती. त्याने घसा खाकरला आणि बारीक, चिरका आवाज काढला.

“रणधुमाळ्या! मेल्या, दोन वर्षं लावलीस?”

“आजी, वाट सापडत नव्हती गं!”

“तुरुंगात होतास म्हणे.”

“ते तुला आत कळलं?”

“सगळं ऐकू येतं इथं. लाज आणलीस घराण्याला.”

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी खरंच भरून आलं. माझी स्वतःची आजी मी बघितलेली नाही. वासूने उसन्या आवाजात दिलेल्या त्या शिव्या मी एखाद्या प्रसादासारख्या ऐकत होतो. मग आजीने आतून मुसळ चालवलं (मुसळ कुठून आलं ते कुणी विचारलं नाही), गाईने शिंगं मारली, पडछायाने सुरा खुपसला, आणि तिदाढ्याचे पंधरा प्राण आतल्या आत गेले. उरले सतरा. सव्वातीन वाजले होते.

पण वासू काही आम्हाला जिंकवायला बसला नव्हता. तिदाढ्याने शेपूट फिरवलं, माझे अकराचे तीन झाले. मी गदा घातली, त्याचे सतराचे नऊ झाले. आता आमच्यापैकी जो पुढचा घाव घालेल त्याचा डाव, अशी वेळ आली. पाळी माझी होती. एकसष्ट रविवार मी याच घावासाठी घालवले होते. मी फासा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, त्याच्यावर फुंकर घातली आणि टाकला.

एक.

“गदा हातातून निसटली,” वासू हळू आवाजात म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं. “तुझ्याच पायावर पडली. तीन प्राण गेले. रणधुमाळ बेशुद्ध.”

बोलायची सोयच नव्हती, बेशुद्ध होतो. भिंतीला टेकून बसलो आणि छताकडे बघत राहिलो.

“आता?” बाईंनी विचारलं.

“आता फक्त तुम्ही, बाई,” मुनीर म्हणाला. “उच्चाटन मंत्र आहे ना, तो टाका. एकदाच वापरता येतो. राक्षसाचे दहापेक्षा कमी प्राण असले आणि पंधराच्या वर पडलं, तर तो थेट पाताळात.”

“पान एक्केचाळीस,” बाई म्हणाल्या. त्यांनी फासा घेतला. त्यांना फासा टाकायची सवय नव्हती. त्यांनी तो खडू फेकून मारावा तसा फेकला. तो सतरंजीवर आदळून उडाला आणि दाराशी उघड्या पडलेल्या वासूच्या बॅगेत गेला.

आम्ही सगळे बॅगेवर ओणवे झालो. बेशुद्ध असूनही मी गेलो. मेतकुटाची पुडी, लसणाची चटणी, लोकरीचे दोन मोजे, आणि मेतकूट नि चटणीच्या मध्ये तिरका अडकलेला फासा. हात कुणीच लावेना. मुनीरने जमिनीला गाल टेकून एक डोळा मिटला.

“सोळा,” तो म्हणाला.

“तेरा,” वासू म्हणाला.

“पुड्या मी बांधल्यात,” बाई म्हणाल्या. “मेतकूट डावीकडे कललंय. ते सरळ धरलं तर सोळा.”

वासूने मेतकूट सरळ केलं. सोळा. तिदाढ्या खलास! ज्यांना गिळलं होतं ते सगळे बाहेर पडले. मुनीरने भोपळा उपडा करून दणादणा आपटला तेव्हा पडछायाही निघाला. मी शुद्धीवर आलो की नाही हे कुणी बघितलं नाही, पण मी नाचत होतो. घाव माझा नव्हता, ठीक आहे. पण संपलं होतं! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सुरू झालेलं संपलं होतं, आणि चाराला अजून वीस मिनिटं होती.

वासूने हात वर करून आम्हाला गप्प केलं. सूत्रधाराचा हक्क असतो, राक्षसाचं शेवटचं भाषण. त्याने तिदाढ्याचा पुतळा आपल्यासमोर ठेवला. घोगरा आवाज काढला, पण तो नीट निघाला नाही, मध्येच त्याचा स्वतःचाच झाला.

“हरलो मी,” तिदाढ्या म्हणाला. “चांगले लढलात. दोन वर्षं तुमच्याशिवाय मला दुसरं कुणी नव्हतं. आता खाली अंधार आहे, थंडी आहे, आणि ओळखीचं कुणी नाही.” तो थांबला. पुतळ्याच्या दाढेवरून त्याने बोट फिरवलं. “बरं. जातो मी.”

“जातो काय?” बाई म्हणाल्या. “येतो म्हणावं.”

ही बाईंची खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. दारातून निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं की संपलं. गॅसवाल्याला एकदा रिकामं सिलिंडर खांद्यावरून खाली ठेवायला लावून त्यांनी ‘येतो’ म्हणवून घेतलं होतं. आणि ‘येतो’ म्हटलं की लगेच त्यांचं ‘ये हं’ यायचं, मग माणूस सुटायचा. वासू तेवढा मुद्दाम ‘जातो’च म्हणायचा. “येतो म्हटल्याने कुणी येतं का, आई?” हे त्याचं ठरलेलं. रोज सकाळी इथल्या कारखान्यात कामाला निघताना मायलेकरांची ही चकमक व्हायचीच.

त्यामुळे आत्ताही आम्हाला काही वावगं वाटलं नाही. तिदाढ्याने मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणाला, “येतो.”

“ये हं,” बाई म्हणाल्या.

वासूच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्याने वही ओढली, भराभर पानं उलटली. “आई,” तो म्हणाला. “आई, तू ‘ये’ म्हणालीस?”

“म्हणाले. का रे?”

त्याने मोठ्याने वाचलं: “पाताळात गेलेला असुर आपणहून वर येऊ शकत नाही. मात्र ज्याने उच्चाटन केलं, त्यानेच स्वतःच्या तोंडाने ‘ये’ म्हटलं, तर तो अर्ध्या प्राणांनिशी परत येतो.”

“अगं बाई,” बाई म्हणाल्या. “असं आहे होय?”

“चाळीस प्राण,” वासू म्हणाला. “जमीन फाटते. तिदाढ्या वर येतो.”

मी काय काय बोललो ते मला सगळं आठवत नाही. जेवढं आठवतं त्याची लाज वाटते. “बाई, तुमच्या त्या येतो-जातोने दोन वर्षांची माती केली!” हे नक्की म्हणालो. बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या. मुनीर म्हणाला की त्यांनी सहज म्हटलं, ते धरू नये. मी म्हटलं, मी लघवीला गेलो तेही सहजच गेलो होतो! वासू म्हणाला, नियम तो नियम. मग आजीला पुन्हा गिळायचं की नाही यावर पाच मिनिटं गेली. मी बेशुद्ध, मंत्र संपलेला, मुनीर एकटा सुरा घेऊन चाळीस प्राणांच्या राक्षसाभोवती पळतोय, आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

वासूने पेन उचललं. “चला, आता कशाला. तिदाढ्या मेला असं लिहून टाकतो.”

“लिही,” मी म्हटलं. “माझ्या हातून मेला असं लिही.”

“वहीत खोटं लिहायचं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटून त्याच्या हातातून काढून घेतली. “मेला नाही तर मेला कसं लिहिशील? ठेव. राहू दे तसाच.”

तिसरीत असताना न सोडवलेलं गणित सोडवलं म्हणून लिहिलं, तर हाच आवाज यायचा. वासूने पेन खिशात टाकलं.

मग बॅगा, पाणी, देवाला नमस्कार, हातावर दही. बाई गेटपर्यंत आल्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात भोपळ्याचा तिदाढ्या, खाली ठेवायचं त्यांना सुचलं नसावं. वासू गाडीत बसला, काच खाली केली. त्याचा हात दारावर उगाच काहीतरी शोधत होता.

“बरं,” तो म्हणाला. “जातो.”

आम्ही वाट बघितली. मी, मुनीर, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा, तो त्याच गल्लीतला होता. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली. गाडी सुरू झाली, हळूहळू गल्लीच्या तोंडाशी गेली, आणि थांबली. दार उघडलं. वासू उतरला आणि पळत पळत परत आला, लहानपणी शाळेत निघताना डबा विसरला की यायचा तसा.

“आई, तू काही म्हणाली नाहीस.”

“काय म्हणायचं?”

“मी ‘जातो’ म्हणालो.”

“ऐकलं मी.”

“मग?”

“आता तू मोठा झालास,” बाई म्हणाल्या. “मी किती दिवस सांगू?”

वासू तिथेच उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. वासूने बाईंच्या हातातल्या तिदाढ्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

“येतो, आई,” तो म्हणाला.

“ये हं,” बाई म्हणाल्या.

या वेळी गाडी थांबली नाही. मुनीर डोळे पुसत भोपळ्याबद्दल काहीतरी बोलत होता. मी मात्र अजून धुमसतच होतो. बाई आत चहा टाकायला गेल्या तेव्हा मी ती वही उचलली. पान एक्केचाळीसवर काही पळवाट आहे का ते बघायचं होतं. उच्चाटन करणाऱ्याने ‘ये’ऐवजी ‘ये हं’ म्हटलं तर चालतं का, असलं काहीतरी. मी पान उघडलं.

प्रत्येक पानावर बाईंच्या लाल खुणा होत्या, वेलांट्या, उकार, गोल केलेले शब्द. एक्केचाळीसवर एकही चूक काढलेली नव्हती. ‘स्वतःच्या तोंडाने “ये” म्हटलं तर’ या ओळीखाली पट्टी धरून लाल रेघ ओढली होती, आणि समासात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘छान’. चार दिवसांपूर्वी.

बाई चहा घेऊन आल्या. माझ्या हातातली उघडी वही त्यांनी बघितली, आणि कप माझ्यासमोर ठेवला. “साखर कमी वाटली तर सांग,” म्हणाल्या. मी वही मिटली. मुनीरला सांगितलं नाही, वासूला तर नाहीच.

वासू अकरा महिन्यांत आला. तीन आठवड्यांची रजा, ऐन दिवाळीत. “त्या तिदाढ्याने छळलं रे,” मला म्हणाला. “अर्धा राहिला ना. तिकडे बर्फात उभं राहिलं की आठवायचा.” दुसऱ्याच दिवशी दुपारी सतरंजी घातली. नंदू बायकोला घेऊन सासरवाडीला गेलेला, तेव्हा भस्मभट पुन्हा बाई. रणधुमाळ शुद्धीवर आला, आजीने आल्याआल्या शिव्या घातल्या, आणि रजेच्या शेवटच्या रविवारी चाळीसवरून उतरत उतरत तिदाढ्या तीन प्राणांवर आला. पाळी माझी.

बारा पडले तरी पुरे होते. मी फासा टाकला. तो माझ्या गुडघ्याजवळ येऊन थांबला. वासू मान खाली घालून वहीत आधीचे प्राण वजा करत होता, मुनीर भोपळ्यात बोटं घालून पडछायाला शोधत होता. फासा फक्त मला दिसत होता, आणि शेजारी बसलेल्या बाईंना.

एकोणीस.

मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. मग बाईंकडे बघितलं. त्या फाशाकडे बघत होत्या, आणि करंजी धरलेला त्यांचा हात तसाच वर थांबला होता. मी बोटाने फासा उचलला आणि मुठीत धरला.

“चार,” मी म्हटलं. “हुकला.”

“चार?” वासूने मान वर केली. “अरे, काय नशीब घेऊन आलास लेका! नक्की चार?”

मी मूठ आणखी घट्ट केली. वहीत खोटं चालत नाही हे ज्यांनी मला तिसरीत शिकवलं, त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

“चारच,” बाई म्हणाल्या. “मी बघितला.”

वासूने वहीत चार लिहिला.